बाईंच्या आई

बालवाडीतल्या खुर्च्या किती लहान असतात, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. कर्वेनगरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक बालवाडी आहे. शनिवारी दुपारी चार वाजता तिच्या एका खोलीत आम्ही सात-आठ जण त्या लाल-पिवळ्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचो आणि शेजारच्या खोलीत आमचे आईवडील बसायचे. आपण कोण, समोरचा मुलगा कोण, सकाळी जेवलो की नाही, हे ज्यांना आठवेनासं झालं होतं ते आईवडील. त्यांच्यापाशी आमच्यातलेच दोघे पाळीपाळीने थांबायचे.

पहिल्या दिवशी मी ओळखीपाळखीच्या तयारीने गेलो होतो. नाव, नोकरी, घरी कोण आजारी, किती वर्षं. तसलं काही झालंच नाही. दारातून एक उंच, सडसडीत बाई आल्या. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बसल्या नाहीत. फळ्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात ज्यांच्या मनात आलं की आता हे माणूस गेलं तर बरं, त्यांनी हात वर करा."

वर्गात हजेरी द्यावी तितक्या सहज सगळ्यांनी हात वर केले. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या एक वयस्कर काकू होत्या, त्यांनीही. खुद्द बाईंनीही. माझे हात मांडीवरच राहिले. कुठल्या तरी भलत्याच ठिकाणी आलो, असं मला वाटलं. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. "हे नवीन आहेत," त्या बाकीच्यांना म्हणाल्या, "करतील नंतर."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, ही बाई विचित्र आहे, मी काही परत जाणार नाही. तिसऱ्या शनिवारी मी हात वर केला.

बाई एका मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण आवाज मैदानातलाच राहिला होता. त्यांच्यासमोर 'सेवा', 'पुण्य' आणि 'त्याग' हे शब्द उच्चारायची सोय नव्हती. एका निवृत्त प्राध्यापकांनी एकदा आमच्या मोबाइलवरच्या गटात पहाटे कमळाचं चित्र टाकलं, खाली 'मातापित्यांची सेवा हीच ईश्वरसेवा'. मिनिटाच्या आत बाईंनी त्यांना गटातून काढून टाकलं. शनिवारी ते तणतणत जाब विचारायला आले. बाई त्यांना म्हणाल्या, "सेवा देवळात करतात, तिथे प्रसाद मिळतो. आपण डायपर बदलतो. या, बसा." आणि गृहस्थ चक्क बसले.

आजारी माणूस कसं आहे, असं त्या कधीच विचारत नसत. "ते आहेत तसेच राहणार. तुम्ही दात शेवटचे कधी दाखवलेत?" हा त्यांचा प्रश्न. कुणाला वजन विचारत, कुणाला शेवटचं नाटक कुठलं बघितलं ते. मला त्यांनी तीन शनिवार सलग रक्तदाब विचारला आणि चौथ्या शनिवारी सांगितलं की तपासून येईपर्यंत इथे यायचं नाही. मी चिडून गेलो. डॉक्टरांनी आकडा बघून पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा बघितलं आणि तुम्ही इथवर चालत कसे आलात, असं मला विचारलं. मी त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास नुसता बसून होतो. अण्णांच्या गोळ्यांच्या वेळा मला झोपेतही सांगता आल्या असत्या. मला स्वतःला काही होऊ शकतं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळ कसब्यातले, घरचा धंदा तांबटकामाचा. तांब्याचे हंडे, घंगाळी, बंब घडवण्यात अण्णांचा जन्म गेला. मी नोकरी धरली, कर्वेनगरात फ्लॅट घेतला आणि त्यांना इथे आणलं. स्मरण गेलं तरी त्यांच्या हातातलं काम गेलं नव्हतं. दिसेल ती वाटी, ताट, डबा घेऊन ते चमच्याने ठोकत बसायचे, एका लयीत, तास न् तास. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली. सोसायटीची नोटीस आली. मी घरातली सगळी भांडी कपाटात बंद केली, तर अण्णा भिंत ठोकायला लागले.

हे ऐकल्यावर बाई एका सकाळी न सांगता आल्या. एका हातात पोचे पडलेलं जुनं घंगाळ आणि दुसऱ्या हातात हातोडी. आदल्याच आठवड्यात अण्णांनी मला चोर समजून माझी गचांडी धरली होती.

"बाई, त्यांच्या हातात हातोडी?"

"तुमच्या हातात देत नाहीये," बाई म्हणाल्या. "त्यांच्या देतेय. त्यांना वापरता येते."

खाली पार्किंगमध्ये त्यांनी पोतं अंथरलं आणि अण्णांना बसवलं. अण्णांनी घंगाळ जवळ ओढलं, बोटांनी त्याचा काठ चाचपला, पोचा कुठे आहे तो बघितला आणि काम सुरू केलं. घावाशेजारी घाव, एकसारखे, मोजून मारल्यासारखे. माझे अण्णा मला दीड वर्षाने दिसले. सेक्रेटरी तरातरा खाली आले. बाईंनी त्यांना सांगितलं, "अकरा ते बारा. या वेळात तुमच्या सोसायटीत जे झोपतात त्यांची यादी द्या, मी स्वतः जाऊन उठवते." सेक्रेटरींनी यादी दिली नाही. दोन महिन्यांनी त्यांनीच घरातला एक चेपलेला हंडा आणून अण्णांसमोर ठेवला.

हे सगळं सांगितलं की बाई म्हणजे एक गमतीदार, फटकळ, मनाने प्रेमळ बाई असं चित्र उभं राहतं. मीही काही महिने तसंच धरून चाललो होतो. मग धायरीच्या दादांचा तो शनिवार आला.

दादा पन्नाशीचे, अंगाने भरभक्कम. पूर्वी त्यांची शेती होती. आता घराच्या चारी बाजूंनी इमारती आल्यात आणि मधे त्यांचं जुनं घर आणि रिकामा गोठा तेवढा राहिलाय. त्यांची आई वीस वर्षांपूर्वी विकलेल्या म्हशी शोधायला दिवसातून दहादा घराबाहेर पडायची. दादा फारसं बोलत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी खुर्चीवरून खाली फरशीवर बसकण मारली आणि मान खाली घालून म्हणाले, "मी काल आईच्या थोबाडीत मारली."

शेजारच्या खोलीतून कुणाची तरी आई शंभरपर्यंत आकडे म्हणत होती तेवढं ऐकू येत होतं. तुळशीच्या माळेच्या काकू ताडकन उठल्या. असल्या माणसाबरोबर मी बसू शकत नाही, असं म्हणाल्या.

"मग उभ्या राहा," बाई म्हणाल्या. "मीही उभीच आहे." मग दादांकडे बघून तशाच कोरड्या आवाजात त्यांनी सांगितलं, "मी दोनदा मारलंय."

मला ते वाक्य कळायलाच वेळ लागला. शेजारच्या खोलीत बाईंच्या आई बसल्या होत्या. गोऱ्या, मुठीएवढ्या, नव्वदीच्या म्हातारबाई. रुमालांच्या घड्या घालायच्या आणि मोडायच्या. बाई दिसल्या की त्यांचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळायचा. त्या आईला या बाईने मारलं होतं, आणि तेही दोनदा, आणि हे ती आमच्यासमोर उभं राहून सांगत होती. काकूंनी भिंतीला हात टेकला.

"पापी हाय मी, बाई," दादा म्हणाले.

"पापाचं नंतर बघू. झोपता किती?"

हळूहळू विचारून काढलं तेव्हा कळलं की पाच महिन्यांत हा माणूस सलग दोन तासांच्या वर झोपला नव्हता. बाईंनी फळ्यावर वार लिहिले. रोज दुपारी आमच्यातल्या एकाने धायरीला जायचं, दादांच्या आईपाशी थांबायचं आणि दादांनी त्या वेळात झोपायचं. मला गुरुवार मिळाला. मंगळवारपुढे कुणाचं नाव आहे म्हणून मी बघितलं, तर खडू घेऊन काकू स्वतःचं नाव लिहीत होत्या. आणि सगळ्यांसाठी एक नियम झाला. हात उठतोय असं वाटलं की माणसाला नीट बसवायचं, आपण जिन्यात जायचं आणि बाईंना फोन करायचा. कितीही वेळा.

ते गुरुवार मला अजून आठवतात. दादा गोठ्यात खाट टाकून मेल्यासारखे झोपायचे आणि मी त्यांच्या आईचा हात धरून इमारतींमधल्या वाटांनी म्हशी शोधायचो. "त्ये बघ, त्या अंगाला गेल्या असतील," असं त्या म्हणायच्या आणि आम्ही त्या अंगाला जायचो. अण्णांपायी मी आमच्या जिन्यातून बाईंना किती फोन केले ते मोजले नाहीत. त्या कधी समजूत घालत नसत. कुठल्या पायरीवर बसलाय, पाणी प्यायलात का, एवढं विचारायच्या आणि माझा श्वास जागेवर येईपर्यंत तिकडे फोन धरून थांबायच्या.

एकदाच त्या माझ्यावर तुटून पडतील असं मला वाटलं होतं. बायको माहेरी गेली होती. ऑफिसातून तातडीचा निरोप आला, माझ्या सहीवाचून काम अडलं होतं. मी अण्णांना जेवू घातलं, गॅसचा खटका बंद केला, दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि गेलो. दोन तासांनी आलो तर आमच्या जिन्यात बाई, नेहमीसारख्या न सांगता आलेल्या. खाली पायरीवर बसलेल्या. त्यांना बसलेलं मी तोवर कधी बघितलं नव्हतं. आतून अण्णा दार ठोकत होते, आणि बाई दारावर हात ठेवून दर थोड्या वेळाने म्हणत होत्या, "आहे. मी आहे इथे."

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडे हात पुढे केला. "किल्ली," एवढंच म्हणाल्या.

मी दार उघडलं. अण्णांना आत नेऊन बसवलं. बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "कुलूप नाही," त्या म्हणाल्या. "काही करा. मारलंत तरी मला येऊन सांगा. पण कुलूप नाही." आणि निघून गेल्या. मी शरमलो होतो, पण त्याहून जास्त गोंधळलो होतो. मारणं चालेल आणि कुलूप नाही, हा कसला हिशेब, ते मला कळेना. विचारायची छाती झाली नाही.

बाईंच्या आई गेल्या हिवाळ्यात वारल्या. सकाळी झोपेतच. आम्ही सगळे स्मशानात जमलो. दादांनी खांदा दिला. गुरुजींनी विचारलं, अग्नी कोण देणार. आम्ही बाईंकडे बघितलं. त्यांचं आणखी कुणी आहे असं आम्हाला माहीतच नव्हतं. तेवढ्यात मागून सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ पुढे आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, मी मुलगा.

दादांनी बाईंच्या जवळ जाऊन हळूच विचारलं, "भाऊ का तुमचे?"

"भाऊ नव्हे," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माझे यजमान होते. पस्तीस वर्षांपूर्वी."

ते गृहस्थ मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते आणि मी बाईंकडे बघत होतो. 'आई जेवल्या', 'आई झोपल्या' असं त्या म्हणायच्या, तेव्हा जुन्या घरांतून आईलाही अहो-जाहो करतात, तसं असेल असं आम्ही समजून चाललो होतो. ती त्यांची सासू होती. तीही सुटलेल्या नवऱ्याची आई. काकूंनी माझा दंड धरून ठेवला होता तो घरी जाईपर्यंत सोडला नाही.

त्या शनिवारी बाई आल्या नाहीत. दादांनी फळ्यापाशी उभं राहून आम्हाला झोपेचे तास विचारले. पुढच्या शनिवारपासून बाई पुन्हा येऊ लागल्या, आजही येतात, आणि अजूनही बसत नाहीत. पण मधल्या रविवारी मी डबा घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो. तिथे जे ऐकलं ते कुणाला सांगू नका, असं त्या म्हणाल्या नव्हत्या. म्हणून सांगतो.

लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नव्हतं. एका संध्याकाळी बाई शाळेतून आल्या तर दाराला आतून कडी. बाहेर एक पिशवी ठेवलेली, तिच्यात दोन साड्या आणि पदवीचं प्रमाणपत्र. त्यांनी दार वाजवलं. आतून सासूबाईंचा आवाज आला, "इथे तुमचं कोणी राहत नाही." नवरा आतच होता. शनिवार पेठेतल्या त्या इमारतीच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर बाई दिवेलागण होईपर्यंत बसून राहिल्या. मग उठून मैत्रिणीकडे गेल्या.

निवृत्त झाल्या त्या वर्षी एका जुन्या विद्यार्थिनीने त्यांना सांगितलं, की त्या सासूबाई आता तिच्याच इमारतीत, सिंहगड रस्त्याला राहतात, म्हातारीला काही आठवत नाही, आणि मुलगा दिवसभर बाहेरून कुलूप लावून जातो.

"मी बघायला गेले," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? बघून बरं वाटेल म्हणून गेले. दार वाजवलं. आतून त्या म्हणाल्या, कोण आहे, दार उघडा हो, मला घरी जायचंय."

बाई तिथून निघाल्या, एक मजला उतरल्या आणि परत वर गेल्या. संध्याकाळी तो येईपर्यंत दारापाशी बसल्या. त्याला म्हणाल्या, यांना मी नेते. त्याने नाही म्हटलं नाही. कपड्यांची पिशवी त्यानेच भरून दिली.

मी म्हटलं, "तुम्हाला दया आली."

"दया नाही आली. मला त्यांच्या तोंडून एकदा 'चुकले' ऐकायचं होतं. ते घेतल्याशिवाय मी त्यांना मरू देणार नव्हते."

पहिलं वर्षभर त्या रोज सासूबाईंना समोर बसवून सगळं आठवून देत. कडी, पिशवी, जिना. म्हातारी ऐकत राहायची आणि विसरायची. "मी दोनदा मारलं म्हणाले होते ना," बाई म्हणाल्या, "त्यातलं पहिलं दमून मारलेलं नव्हे. ठरवून मारलं. तरी आठवलं नाही."

हे त्या माझ्या डोळ्यात बघून म्हणाल्या. मला उठून जावंसं वाटलं, आणि उठताही येईना. मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

मग त्यांनी आठवून देणं सोडलं, पण सांगण्याची सवय लागली होती. आता त्या ते गोष्टीसारखं सांगायच्या. एक मुलगी होती, एक सासू होती. म्हातारी गालाला हात लावून ऐकायची आणि मग, मग, असं विचारायची. एका दुपारी गोष्ट संपल्यावर तिने विचारलं, त्या मुलीचं पुढे काय झालं गं? बाई म्हणाल्या, ती मुलगी मीच.

"त्यांनी माझ्याकडे बघितलं," बाई म्हणाल्या, "आणि लालबुंद झाल्या. म्हणाल्या, कोण ती सटवी? मला तिच्या घरी ने. जाब विचारते तिला. उठून चपला घालायला लागल्या. मी म्हटलं राहू द्या. ऐकेनात. दार ठोकायला लागल्या. मग मी रिक्षा बोलावली."

शनिवार पेठेतलं ते घर त्या लोकांनी कधीच विकलं होतं. तिसऱ्या मजल्यावर भलतेच कुणी राहत होते. म्हातारी रिक्षातून उतरली, इमारतीच्या खाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि वर बघून बोलायला लागली. पोरीला दाराबाहेर काढतेस, लाज नाही वाटत, मूल होत नाही तर तुझ्या मुलाला दाखवलंस का डॉक्टरला, उघड दार. चारी मजल्यांवरच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. ज्या दाराला तिने स्वतः कडी लावली होती, त्या दाराला ती दहा मिनिटं शिव्या घालत होती, आणि बाई तिच्या मागे उभ्या राहून ऐकत होत्या.

"मग दमल्या," बाई म्हणाल्या. "माझा हात धरला. म्हणाल्या, चल, आता या घरात पाय नाही ठेवायचा. माझ्याकडे राहा तू."

त्या थांबल्या. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणाले," बाई म्हणाल्या. "सहा वर्षं राहिले."